पंचांची चूक कधी सुधारता येते? बास्केटबॉलच्या कलम ४४ बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पर्धांचा मोसम सुरू झाला की हे प्रश्न यायला लागतात. क्रीडाशिक्षक विचारतात, पंचपरीक्षेची तयारी करणारी मुलं-मुली विचारतात, आणि सगळ्यांत जास्त विचारतात ते पालक, तेही बहुतेक हरलेल्या संघाचे. खालची उत्तरं फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांप्रमाणे आहेत, कारण आपल्याकडे अधिकृत स्पर्धा त्याच नियमांवर होतात. उदाहरणांत दोनच संघ घेतले आहेत, निळा आणि पांढरा. फाउल नेहमी निळ्यांच्या ७ नंबरवर होतो. तिचं नशीबच तसं.

१. पंचांची कुठलीही चूक नंतर सुधारता येते का?

नाही. कलम ४४ मध्ये फक्त चार चुका आहेत, पाचवी नाही. नको असलेले फ्री थ्रो देणं. मिळायला हवेत ते फ्री थ्रो न देणं. गुण चुकीने देणं किंवा चुकीने रद्द करणं. आणि भलत्याच खेळाडूला फ्री थ्रो मारू देणं. शिवाय ही चूक अनवधानाने नियम बाजूला राहिल्यामुळे झालेली असली पाहिजे. म्हणजे पंचांना नियम माहीत आहे, पण त्या क्षणी टीम फाउल (संघाचे त्या क्वार्टरमधले एकूण फाउल) पाच झालेत हे लक्षात आलं नाही, अशा प्रकारची.

तिसऱ्या प्रकाराचं उदाहरण लोकांना चटकन सुचत नाही म्हणून देतो. तीन गुणांच्या रेषेमागून टाकलेला बॉल बास्केटकडे खाली येत असताना बचाव करणाऱ्याने अडवला. पंचांनी गोलटेंडिंग बरोबर दिलं, पण घाईत दोनच गुण दाखवले. ही दुरुस्त होणारी चूक आहे.

२. फाउल झालाच नव्हता आणि पंचांनी दिला. माझ्याकडे मोबाइलमध्ये व्हिडिओ आहे. हे यात का बसत नाही?

कारण तो पंचांचा निर्णय आहे. त्यांनी जे पाहिलं त्यावर शिट्टी मारली. ते चुकलेही असतील, पण नियम विसरले नाहीत. फाउल होता की नव्हता, ट्रॅव्हलिंग झालं की नाही, पाय रेषेवर होता की मागे, हे सगळं निर्णयाच्या खात्यात जमा होतं.

मोठ्या स्पर्धांत पंच पडद्यावर काही गोष्टी पुन्हा पाहतात आणि प्रशिक्षकालाही एकदा तशी मागणी करता येते. पण त्यासाठी आधी मंजूर केलेली यंत्रणा लागते. ती नसेल तर तुमचा मोबाइल कितीही चांगला असला तरी पंच त्यात डोकावणार नाहीत, आणि त्यांनी डोकावूही नये.

३. ‘वेळेत लक्षात आलं तरच’ म्हणतात. ही वेळ नेमकी किती?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. ही वेळ मिनिटांत मोजायचीच नाही. क्रम असा: चूक झाली, मग सामन्याचं घड्याळ सुरू झालं, त्यानंतर पहिल्यांदा बॉल डेड झाला (शिट्टी वाजून किंवा बास्केट पडून तेवढ्यापुरता खेळातून बाद झाला), आणि मग बॉल पुन्हा लाइव्ह झाला. या शेवटच्या टप्प्याच्या आधी चूक लक्षात आली पाहिजे. बॉल लाइव्ह झाला की खिडकी बंद.

बॉल लाइव्ह कधी होतो? थ्रो-इनच्या वेळी तो बाहेर उभ्या असलेल्या खेळाडूच्या ताब्यात आला की. तो आत टाकावा लागत नाही. फ्री थ्रोच्या वेळी मारणाऱ्याच्या ताब्यात आला की.

आता एक प्रसंग हळू करून पाहू. पांढऱ्यांचा क्वार्टरमधला पाचवा टीम फाउल, ७ नंबर ड्रिबल करत असताना तिच्यावर. दोन फ्री थ्रो मिळायला हवेत. पंच बाजूच्या रेषेवरून थ्रो-इन देतात. ही चूक. निळ्यांनी बॉल आत टाकला, आतल्या खेळाडूचा हात लागला, घड्याळ सुरू. दोन पास झाले, तिसरा पांढऱ्यांनी मध्येच उचलला आणि पळत जाऊन बास्केट केली. बास्केट पडली त्या क्षणी बॉल डेड. हा पहिला डेड बॉल. निळ्यांची एक मुलगी जाळीतून पडलेला बॉल उचलते आणि सवयीने बेसलाइनच्या मागे पाऊल ठेवते. झालं, बॉल लाइव्ह, खिडकी बंद. शिट्टी नाही, हॉर्न नाही, सामना थांबलासुद्धा नाही, आणि दुरुस्तीचा हक्क दीड-दोन सेकंदांत निघून गेला.

म्हणूनच ‘पंचांना दुसऱ्या मिनिटाला सांगितलं तरी त्यांनी ऐकलं नाही’ या तक्रारीला बहुतेक वेळा उत्तर हेच असतं, की तोपर्यंत त्यांच्याही हातात काही उरलेलं नव्हतं.

४. मध्ये घड्याळ सुरूच झालं नसेल तर?

तर खिडकी उघडीच आहे. शेवटचा फ्री थ्रो पडला, बेसलाइनवर पांढऱ्यांच्या हातात बॉल आला, म्हणजे बॉल लाइव्ह झाला. पण घड्याळ मैदानातल्या खेळाडूचा बॉलला स्पर्श झाल्यावर सुरू होतं. तोवर मोजणीचा पहिला टप्पाच आलेला नाही. परीक्षेत हा प्रश्न हमखास असतो आणि निम्मे जण ‘बॉल लाइव्ह झाला, आता उशीर झाला’ असं लिहून गुण घालवतात.

५. चूक लक्षात आल्यावर पंच लगेच खेळ थांबवतात का?

थांबवू शकतात, पण कुठल्याही संघाचं नुकसान होत नसेल तरच. पांढरे तिघंजणं एकटीवर धावून चाललेत अशा वेळी शिट्टी मारणं म्हणजे एक चूक सुधारायला दुसरी करणं. अशा वेळी खेळ संपू द्यायचा आणि पहिल्या डेड बॉलला शिट्टी मारायची. मात्र लगेच मारायची, प्रश्न ३ मधली बेसलाइन विसरून चालत नाही. स्कोअररला स्कोअरशीटवरची स्वतःची चूक दिसली तर त्यानेही हॉर्नसाठी पहिल्या डेड बॉलची वाट पाहायची असते.

६. मी प्रशिक्षक आहे. चूक मला दिसली, पंचांना नाही. ओरडलो तर टेक्निकल फाउल मिळतो. मग करू काय?

टाइम-आउट मागा. मला विचाराल तर कलम ४४ मधली प्रशिक्षकाने शिकण्यासारखी गोष्ट हीच. टाइम-आउटने चालू खेळ थांबत नाही, पण डेड बॉल आला की मिळतो, आणि तो चालू असेपर्यंत बॉल लाइव्ह होत नाही. तुम्हाला खिडकीत हात घालून उभं राहता येतं. प्रश्न ३ च्या प्रसंगात पांढऱ्यांनी बास्केट केल्यावर टाइम-आउटचा हक्क निळ्यांचा, कारण बास्केट त्यांच्यावर झाली. मागणी बॉल सुटायच्या आधीच स्कोअररच्या टेबलकडे गेलेली असेल तर काम झालं.

मग टेबलपाशी कोण जाणार? मुख्य प्रशिक्षक किंवा पहिला सहायक, तेही बॉल डेड आणि घड्याळ बंद असताना, आकडेवारी विचारायला. पंचांशी बोलायचं ते कर्णधाराने. आणि ‘सर, अन्याय आहे’ म्हणण्यापेक्षा ‘सर, पांढऱ्यांचे टीम फाउल किती झालेत ते एकदा टेबलला विचाराल का?’ हे वाक्य दसपट वेगाने काम करतं. पंचाला भांडणापेक्षा आकडा तपासायला सोपं जातं.

७. फ्री थ्रो मिळायला हवे होते, मिळाला थ्रो-इन. वेळेत लक्षात आलं तर पुढे काय?

मधल्या काळात बॉल कोणाकडे होता यावर सगळं अवलंबून आहे.

बॉल निळ्यांकडेच राहिला असेल, समजा पांढऱ्यांचा हात लागून तो बाहेर गेला, तर ७ नंबर दोन फ्री थ्रो मारणार, बाकीच्या रिबाउंडसाठी रांगेत उभ्या राहणार, आणि पुढे नेहमीसारखा खेळ.

त्या चुकीच्या थ्रो-इनवरूनच निळ्यांनी बास्केट केली असेल तर चूक सोडून द्यायची. गुण मिळाले, फ्री थ्रो नाहीत. ‘दोन्ही द्या’ असा आग्रह धरणारे प्रशिक्षक मी पाहिलेत. तसं होत नाही.

बॉलचा ताबा बदलला असेल, म्हणजे निळ्यांकडून ट्रॅव्हलिंग झालं आणि पांढऱ्यांना थ्रो-इन मिळायचा होता, तर ७ नंबर आधी तिचे फ्री थ्रो मारते, रांगेत कोणी नसतं, आणि मग जिथे खेळ थांबला होता तिथून पांढऱ्यांचा थ्रो-इन.

आणि पांढऱ्यांनी बास्केट केली पण बॉल अजून लाइव्ह झालेला नाही, तर ते दोन गुण कायम. निळ्यांचे फ्री थ्रो, रांगेशिवाय, आणि त्यानंतर बेसलाइनवरून निळ्यांचाच थ्रो-इन. प्रेक्षकांत इथे हमखास आरडाओरडा होतो, ‘फ्री थ्रो पण त्यांचे आणि बॉल पण त्यांचाच?’ हो. बॉल फ्री थ्रोमुळे मिळालेला नाही. बास्केट झाल्यावर तो त्यांचाच होता.

८. उलट झालं: नको ते फ्री थ्रो दिले गेले. मग?

हे का होतं ते आधी सांगतो, कारण दोष नेहमी पंचांचा नसतो. टेबलवर लाल खूण असते. संघाच्या चौथ्या टीम फाउलनंतर बॉल लाइव्ह झाला की ती त्या संघाच्या बाजूला उभी करायची, म्हणजे पुढच्या फाउलपासून फ्री थ्रो. टेबलवरचा उत्साही मुलगा चौथा फाउल लिहिता लिहिताच ती उभी करतो. पंच वळून बघतात, लाल दिसतं, दोन बोटं वर. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे बॉल ज्यांच्याकडे आहे त्यांनीच फाउल केला, आणि त्यावर फ्री थ्रो नसतात हे घाईत विसरलं गेलं.

दुरुस्ती अशी: मारलेले फ्री थ्रो रद्द, पडले असले तरी. घड्याळ सुरू झालेलं नसेल तर ज्यांचे फ्री थ्रो रद्द झाले त्यांनाच थ्रो-इन. घड्याळ सुरू झालं असेल तर चूक झाली तेव्हा बॉल कोणाचा होता आणि लक्षात आली तेव्हा कोणाचा आहे ते बघायचं. दोन्ही वेळा निळ्यांचाच, किंवा आत्ता कोणाच्याच ताब्यात नाही, तर निळ्यांना थ्रो-इन. आता पांढऱ्यांच्या ताब्यात असेल तर जम्प बॉलची परिस्थिती, म्हणजे टेबलवरचा बाण ज्या दिशेला असेल त्यांचा बॉल. आणि त्याच वेळी दुसऱ्या एखाद्या फाउलचे फ्री थ्रो बाकी असतील तर ते आधी मारून घ्यायचे, मग बॉल निळ्यांना.

बाणाचा भाग लोकांना लॉटरीसारखा वाटतो. मलाही सुरुवातीला वाटायचा. पण पांढऱ्यांनी रिबाउंड कष्टाने मिळवला होता, आणि तो ज्या फ्री थ्रोचा होता तो मुळात व्हायलाच नको होता. दोघांचंही म्हणणं अर्धं खरं आहे.

९. फ्री थ्रो ७ नंबरचे होते, मारले ११ नंबरने. शिक्षा कोणाला?

संघाला. मारलेले फ्री थ्रो रद्द, त्यांच्या जोडीला बॉल मिळणार असेल तर तोही गेला, आणि प्रतिस्पर्ध्यांना फ्री थ्रो रेषेच्या सरळ रेषेत बाजूने थ्रो-इन. ७ नंबरला पुन्हा संधी नाही. पहिला मारल्यावर चूक कळली तरी दुसरा उरत नाही.

मात्र पहिला बॉल हातातून सुटायच्या आधी कोणाच्या लक्षात आलं तर शिक्षा नाही, फक्त खेळाडू बदलायचा. म्हणून चांगले पंच फ्री थ्रोच्या आधी नंबर मोठ्याने म्हणतात आणि टेबलकडे नजर टाकतात. खिडकीचा नियम इथेही तोच आहे, प्रश्न ३ पाहा.

१०. ७ नंबर तोपर्यंत बदली होऊन बेंचवर बसली. तिचे राहिलेले फ्री थ्रो कोण मारणार?

तीच. नियमाप्रमाणे बदली झालेली असेल तर तिने दुरुस्तीसाठी मैदानात यायचं, आणि त्या क्षणापासून ती पुन्हा खेळाडू. मारून झाल्यावर ती खेळत राहू शकते किंवा पुन्हा रीतसर बदली मागून बाहेर जाऊ शकते. पण ती दुखापतीमुळे किंवा मैदानात मदत घ्यावी लागल्यामुळे बाहेर गेली असेल, तिचे पाच फाउल झाले असतील किंवा तिला सामन्यातून काढलं असेल, तर तिच्या जागी आलेली खेळाडू मारेल.

११. चूक होऊन कळेपर्यंत जे गुण, फाउल झाले ते पुसले जातात का?

नाही. गुण, फाउल, गेलेला वेळ, सगळं कायम. बास्केटबॉलमध्ये रीळ मागे फिरवत नाहीत.

१२. पंचांनी तीन दाखवले, स्कोअरशीटवर दोनच लिहिले गेले. क्वार्टर संपल्यावर कळलं. गेले का गुण?

गेले नाहीत! ही कलम ४४ च्या चार चुकांपैकी नाहीच. पंचांनी चुकीचे गुण दिले तर प्रश्न ३ ची खिडकी लागू. पण पंच बरोबर होते आणि लिहिणारा चुकला, तर क्रू चीफने, म्हणजे मुख्य पंचांनी, स्कोअरशीटवर सही करेपर्यंत केव्हाही दुरुस्ती होते. टीम फाउलची संख्या, टाइम-आउट, घड्याळाचा राहिलेला किंवा जास्त गेलेला वेळ, शॉट क्लॉक, सगळ्याला हेच लागू.

माझाच किस्सा. शाळांचा सामना, सिमेंटचं मैदान, टेबल म्हणून वर्गातला बाक, आणि स्कोअरर मी. फील्ड गोलला तिरकी रेघ, फ्री थ्रोला भरीव ठिपका, तीन गुण असतील तर खेळाडूच्या नंबरभोवती गोल. तिसरा क्वार्टर लाल पेनने लिहायचा, ते पेन अडकलं. मी ते झटकत असताना एक फ्री थ्रो पडला आणि ठिपका राहिला. सामना संपला, ३८-३७. मुलं हात मिळवून बूट सोडत होती. सहीआधी मी आणि दुसऱ्या पंच बाई रांगेने नंबर मोजत गेलो, तेव्हा तो ठिपका सापडला. ३८-३८. सगळ्यांना परत बोलावून ओव्हरटाइम खेळवला. जिंकलेल्या संघाच्या सरांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती अजून आठवते, पण नियम असाच आहे: निकाल बदलत असला तरी सहीआधी चूक सुधारायचीच.

मोठ्यांच्यातही हे होतं. १९ डिसेंबर २००७ ला अटलांटा हॉक्स आणि मायामी हीट यांच्या सामन्यात ओव्हरटाइमची ५१.९ सेकंदं बाकी असताना मायामीच्या शकील ओनीलला सहा फाउल झाले म्हणून (अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये मर्यादा सहाची आहे) बाहेर काढलं. प्रत्यक्षात पाचच झाले होते, नोंदीत घोळ होता. एनबीएने ती ५१.९ सेकंदं ८ मार्च २००८ ला पुन्हा खेळवली आणि हॉक्सला ५० हजार डॉलरचा दंड केला. तोवर ओनील फिनिक्सच्या संघात गेलेला होता! पुन्हा खेळलेल्या भागात कोणीच गुण केला नाही.

१३. क्रू चीफची सही झाली, नंतर चूक सापडली. आता?

आता दुरुस्ती नाही. क्रू चीफ किंवा कमिशनरने (सामन्यावर नेमलेल्या निरीक्षकाने) आयोजकांना सविस्तर अहवाल पाठवायचा. संघाला निषेध नोंदवायचा असेल तर फिबाच्या पद्धतीत सामना संपल्यापासून १५ मिनिटांत कर्णधाराने क्रू चीफला सांगून स्कोअरशीटवर ठरलेल्या जागी सही करायची, आणि तासाभरात लेखी कारणं द्यायची. फीही भरावी लागते. तुमच्या स्पर्धेची फी आणि मुदत वेगळी असू शकते, ती आयोजकांच्या पत्रकात बघा.

कारणंही मोजकीच चालतात: गुणलेखन, घड्याळ किंवा शॉट क्लॉकची पंचांनी न सुधारलेली चूक, सामना बहाल करण्याचा, रद्द करण्याचा किंवा पुढे न खेळवण्याचा निर्णय, आणि खेळाडूच्या पात्रतेचा भंग. ‘पंच पक्षपाती होते’ हे त्या यादीत नाही.

१४. १९७२ च्या ऑलिंपिक फायनलमध्ये हेच झालं होतं ना?

नाही, तो घड्याळाचा घोळ होता. म्युनिकमध्ये डग कॉलिन्सच्या दोन फ्री थ्रोंनी अमेरिका ५०-४९ अशी पुढे गेली, तीन सेकंदं उरली, आणि ती तीन सेकंदं तीनदा खेळवली गेली. फिबाचे सरचिटणीस विल्यम जोन्स स्वतः मध्ये पडले. तिसऱ्या वेळी अलेक्सांद्र बेलोवने बास्केट केली, सोव्हिएत संघ ५१-५० ने जिंकला. ब्राझीलचे पंच रेनातो रिगेत्तो यांनी स्कोअरशीटवर सही करायला नकार दिला. अपील समितीत ३-२ अशी मतं पडून निकाल कायम राहिला. अमेरिकेच्या खेळाडूंनी रौप्यपदकं आजवर घेतलेली नाहीत. सही या एका गोष्टीला इतकं वजन का, असं कोणी विचारलं की मी रिगेत्तोंचं नाव सांगतो.

१५. बाण निळ्यांचा होता आणि थ्रो-इन पांढऱ्यांना दिला. सुधारता येतं?

बॉल मैदानातल्या खेळाडूला लागायच्या आत, हो. लागल्यावर नाही. पण निळ्यांची पाळी बुडत नाही, पुढच्या जम्प बॉलच्या परिस्थितीत बॉल त्यांचा.

१६. माझी मुलगी अमेरिकेत हायस्कूलकडून खेळते. तिथे पाच चुका शिकवतात. कोण बरोबर?

दोघंही. तिथल्या हायस्कूलच्या नियमांत ‘चुकीच्या बास्केटवर मारलेला फ्री थ्रो’ ही पाचवी दुरुस्त होणारी चूक आहे, आणि दुरुस्तीनंतर खेळ कसा सुरू करायचा यातही फरक आहेत. फिबात ती कलम ४४ मध्ये नाही. दोन्ही संघ एखाद्या क्वार्टरला चुकीच्या दिशेने खेळत राहिले, तर लक्षात येताच, कोणाचं नुकसान न करता, दिशा बदलायची आणि तोवरचे गुण, फाउल, वेळ तसेच ठेवायचे. सुट्टीत ती इकडे येऊन खेळणार असेल तर तिला प्रश्न ८ मधला बाण आधी समजावून सांगा. तिथल्या हायस्कूलमध्ये शिकलेली मुलं पहिल्यांदा तिथेच अडखळतात.